दुपट्ट्याखालचे चार आणे

आमच्या सौंसरात रग्बी पाहणारे लोक किती असतील म्हणता? माझ्या माहितीत तिघं होते, अन् तिघंही माझ्याच आंगणात बसत. एक आमचे हे. दुसरे यांचे भागीदार, ज्यांच्यासंगं यांनी जन्मभर संत्र्याच्या बागा घेतल्या. त्यांना मी भाऊजी म्हणते. तिसरे फौजी, गल्लीच्या तोंडाशी राहणारे, पलटणीतून रिटायर होऊन आलेले. हा खेळ सौंसरात आणला तो फौजींनी. तरुणपणी पलटणीच्या टीमकडून खेळले होते. एक कान त्यातच चुरगळून गेला तो तसाच राहिला, वाळल्या अंजिरासारखा. पोरंसोरं कानाकडं पाहत, अन् फौजी तेवढ्यावरून खेळ समजावून सांगायला बसत.

मला पहिल्यांदा तं तो खेळ म्हणजे मारामारीच वाटली. अंड्यासारखा चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यानं कमरेत धरून आपटायचं, अन् चेंडू पुढं फेकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा. मी म्हटलं, "हे कोणाचं डोकं? पुढं जायचं आहे तं मागं काऊन देता?" फौजी म्हणाले, "वहिनी, तेच तं आहे सारं." यांना मात्र तो खेळ लागला. दिवसभर तिगाव, बोरगावकडच्या बागांत फिरून आलेला माणूस, पाय दुखून राहिले तरी टीव्हीसमोर बसायचा. अन् जगातली मोठी स्पर्धा जवळ आली, की तिघंही आंगणात बाज टाकून कोणती टीम जिंकणार याचा हिशोब करत. तो हिशोब कसा करत ते आधी सांगते, नाही तं पुढचं समजणार नाही.

संत्र्याचा ठेकेदार फळ झाडावर असतानाच बाग घेते. तोडायला वेळ असते, मधात वारा आहे, फळगळ आहे, कीड आहे. तरी आजच सांगावं लागते, बाग किती आणे. सोळा आणे म्हणजे भरगच्च, आठ म्हणजे अर्धी. आमचे हे सांगत, बाग रस्त्यावरून पाहायची नाही. रस्त्याकडची झाडं मालकानं सजवलेली असतात. मधात शिरायचं, झाडाखाली उकिडवं बसायचं अन् वर पाहायचं. किती लागलं ते पाहायचं नाही, किती टिकेल ते पाहायचं. यांनी अन् भाऊजींनी हाच कायदा रग्बीला लावला. न्यूझीलंड किती आणे, फ्रान्स किती आणे.

अन् ते आणे तोंडानं सांगायचे नाहीत. फौजींचा आवाज पलटणीतला. ते एकदा बोलले की बाकी दोघांचं मत वाकलंच. म्हणून यांनी बाजारातली रीत घरात आणली. खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर टाकायचा, ज्याची पाळी त्यानं मधात बसायचं, अन् बाकीच्यांनी दुपट्ट्याखालून त्याच्या हाताला हात लावायचा. चार बोटं धरून एकदा दाबली तं चार आणे. दोनदा दाबली तं आठ, तीनदा तं बारा. दाबायचं अन् सोडायचं. सोडलं की बोली झाली, मग बदलता येत नाही. मधातला माणूस दोन्ही हातांचा अंदाज घेऊन निकाल सांगे, अन् मग जे भांडण होई ते आमच्या गल्लीनं ऐकलं आहे.

"अबे, वेल्सला आठ आणे देते कोणी? रस्त्यावरून पाहिली काय बाग?"

"तू नको शिकवू. तू त्या साली कोळशी रोगानं काळी पडलेली बाग घ्यायला लावली होती."

"फौजी, याले समजाव जी. हा संत्रा विकता विकता संत्रा झाला."

मी चहा घेऊन येई अन् उभी राहून ऐके. असं चाललं होतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. हे अन् भाऊजी एकाच बागेत जाऊन आले, एकाच गाडीत बसून, अन् दोघंही तापले. आधी भाऊजी, मग हे. नागपूरला एकाच गाडीत गेले, दवाखान्यात पलंगही शेजारी शेजारी मिळाले. तेव्हा पलंग मिळणं हेच मोठं होतं, त्यामुळं मी देवाला हातही जोडले. भाऊजी परत आले. हे नाही आले.

हे नाही आले म्हणजे मी अक्षरशः म्हणून राहिली आहे. कोणी आणलंच नाही यांना. तिकडंच केलं सारं, कोणालाही जाऊ दिलं नाही. घरी आला तो एक मातीचा लोटा, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. मी त्याच्याकडं पाहत बसली. हे त्यात कसे असतील? सहा फुटाचा माणूस, दारातून येताना वाकून यायचा. ज्याला मी गाडीत बसवून दिलं, खिडकीतून "औषध घेत जा तुझं" म्हणाला, तो माणूस मधातच कुठंतरी संपला, अन् कसा, कधी, काय बोलून, हे कोणालाही ठाऊक नाही. म्हणून मला वाटायचं, हे अजून रस्त्यात आहेत.

खोटं नाही सांगत. आमच्या आंगणात एक संत्र्याचं झाड आहे. पावसाळ्याच्या शेवटी त्याची कच्ची फळं गळतात. टप् आवाज झाला की मी पदर सावरून बाहेर येई, कारण यांची पिशवी ओट्यावर टाकल्याचा आवाज अगदी तसाच. संध्याकाळी टीव्हीचा आवाज मी आपोआप वाढवून ठेवी, यांना एका कानानं कमी ऐकू येई म्हणून. दोन वेळा तं दोघांचा भात टाकला. पोरगी नागपूरहून फोन करून म्हणायची, "आई, इकडं ये राहायला." मी म्हणायची, "अन् ते आले तं?" एकदा ती फोनवर रडायला लागली, तेव्हापासून असं बोलणं बंद केलं. पण मनात बंद नाही झालं.

एकच माणूस होता ज्यानं यांना शेवटी पाहिलं होतं. भाऊजी. मला त्यांना एकच विचारायचं होतं, शेवटी काय झालं. अन् तोच माणूस माझ्या आंगणात पाय ठेवेना. तेरवीलाही नाही आले. बाजारात समोरून येताना दिसले की भाजीच्या ढिगाकडं वळत. एकदा बस स्टॅंडवर मी हाक मारली, "भाऊजी!" तं ते पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढले. त्यांना पांढुर्ण्याला जायचंच नव्हतं, फौजी मला नंतर म्हणाले. बिचारे अर्ध्या रस्त्यातून उतरून परत आले.

दोन वर्षं अशीच गेली. मग फ्रान्समधली स्पर्धा आली. श्रावण होता, पण पाणी नव्हतं, आभाळ नुसतं तापलेलं. फौजी दुपारी आले, ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, पुढच्या महिन्यात सुरू होऊन राहिलं. आणे लावायचे आहेत."

"लावा नं."

"तुमच्याच आंगणात."

मी म्हटलं, "भाऊजींना आणा. ते आले तरच होईल. नाही तं नको."

"तो नाही येत जी. मी हजारदा म्हटलं."

"मग नका लावू."

फौजी थोडा वेळ कान चोळत बसले. मग उठले अन् गेले. अर्ध्या तासात भाऊजींना घेऊन आले. कसं आणलं ते मागून समजलं. त्यांच्या दारात उभं राहून फौजी ओरडले होते, "तू घरात बसून राहा. तिकडं वहिनीनं न्यूझीलंडला सोळा आणे लावून दिले!" आता त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेनं सरावाच्या सामन्यात न्यूझीलंडला पार धुतलं होतं. भाऊजींना ते सहन झालं नसावं. चपला उलट्या घालून आले होते.

आंगणात आले अन् थांबले. यांच्या जागेकडं पाहिलं. बाजेची ती बाजू मी कोणाला बसू देत नव्हती. भाऊजी खूप वाळले होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता. मला म्हणाले, "न्यूझीलंडला सोळा आणे? वहिनी, असं करत असतात काय?" बस. दोन वर्षांनंतरचं पहिलं बोलणं.

मी म्हटलं, "मग किती? तुम्ही सांगा."

ते बसले. यांच्या जागेवर नाही, खाली पायरीवर.

हळूहळू गाडी रुळावर आली. फौजींनी आयर्लंडचं नाव काढलं. सध्या जगात एक नंबर, एक सामना हरत नाही. भाऊजी म्हणाले, "एक नंबर रस्त्यावरून. दरवेळी बहार असा येते की डोळे दिपते, अन् क्वार्टर फायनल आली की फळगळ. आजवर एकदा तरी पुढं गेली काय ते?"

"या वेळी जाईल."

"तू दरवेळी हेच म्हणतो."

"फ्रान्स?"

"घरची विहीर आहे त्याची. पण टीम खेळवणारा पोरगा गमावून बसला नं ऐन वेळेवर. गुडघा मोडला."

"अन् न्यूझीलंड?"

"म्हातारी झाडं झाली. खोड पाहा जी, पोखरलं."

"म्हातारी झाडं शेवटच्या तोडीला वजन देतात, विसरू नको."

"अन् आफ्रिका पाहा. फळ जास्त दिसत नाही, पण देठ पाहा देठ. फांदी हालवली तरी पडत नाही."

फौजींनी दुपट्टा झटकला. मग दोघंही थांबले. दोघांत दुपट्टा कायले? एकानं द्यायचे, दुसऱ्यानं घ्यायचे, त्यात लपवायचं काय? त्याला तिसरा हात लागते. फौजी माझ्याकडं पाहायला लागले.

"या वहिनी."

"मी? मला काय समजते?"

"एवढी वर्षं चहा घेऊन उभ्या राहिल्या. त्याच्याहून जास्त समजते तुम्हाला."

मी पदर खोचला अन् बसली. कुठं बसणार? तीच जागा मोकळी होती. मी यांच्या जागेवर बसली. बाजेची दोरी तिथं खोल गेलेली आहे, यांच्या वजनानं. मी त्या खळग्यात बसली तं मला एकदम कोणीतरी मांडीवर घेतल्यासारखं वाटलं.

पहिल्यांदा फौजी मधात बसले, आयर्लंडसाठी. मी दुपट्ट्याखाली हात घातला. फौजींनी मान ताठ करून समोर झाडाकडं नजर लावली, जशी काही परेड आहे. मी दोनदा दाबून आठ आणे दिले. भाऊजींनी चार दिले असावेत. फौजी म्हणाले, "सहा आणे." भाऊजी म्हणाले, "वहिनींनी बिघडवलं." हसले सुद्धा थोडं.

मग भाऊजींची पाळी आली, फ्रान्ससाठी. ते पायरीवरून उठून बाजेवर आले. फौजींनी आपलं दिलं. मी हात पुढं केला, त्यांची चार बोटं धरली अन् दाबली. एकदा.

भाऊजींनी हात असा ओढला, की दुपट्टाच खाली पडला.

"काय झालं बे?" फौजी म्हणाले.

भाऊजी माझ्याकडं पाहत नव्हते. जमिनीकडं पाहून म्हणाले, "त्यानं असंच केलं होतं, वहिनी."

मी जीव कानात आणून बसली. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येऊन राहिलं होतं, अन् मला वाटलं, नको, आता नको येऊ.

भाऊजी बोलत गेले. "त्याच्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. मी थोडा बरा होतो. शेजारी शेजारी आम्ही. त्यानं चादरीखालून हात काढला अन् माझी चार बोटं धरली. मले वाटलं, आणे देऊन राहिला. मले हसू आलं, वहिनी. मी म्हटलं, कोणती टीम बे? स्पर्धेला अजून दोन वर्षं आहेत. तो नुसता पाहे. मी म्हटलं, बरं, चार आणे, समजलं, बोली झाली, सोड आता. तो सोडेच ना. मग मीच हात सोडवून घेतला. मले सुई लावायला आले होते."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "मग मले झोप लागली. उठलो तं पलंग रिकामा होता. चादर बदलून ठेवली होती."

फौजींनी खाली पडलेला दुपट्टा उचलला अन् हातातच धरून ठेवला.

"टीम नव्हती ती," भाऊजी म्हणाले. "मागून समजलं मले. तो आपलाच अंदाज सांगत होता. बाग पाहणारा माणूस. आपण किती टिकतो ते सांगितलं त्यानं, चार आणे. अन् मी हसलो. मी त्याले टीम विचारली."

म्हणून हा माणूस दोन वर्षं माझ्यापासून पळत होता. भाजीच्या ढिगाकडं वळत होता, नको त्या बसमध्ये चढत होता.

मी म्हटलं, "कसं धरलं होतं? मला दाखवा."

"वहिनी..."

"दाखवा भाऊजी."

फौजींनी दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण उघड्यावर परक्या माणसाचा हात मी या वयातही धरला नसता. भाऊजींनी माझी चार बोटं धरली. अंगठा बाहेर ठेवून, मुळापासून, घट्ट. दाबून सोडली नाही. धरूनच ठेवली.

अन् मी ओळखली ती पकड.

आता हे कोणालाच ठाऊक नाही, पोरीलाही नाही. आमचे हे विजेला भीत. एवढा मोठा माणूस, रानोमाळ फिरणारा, सापाला काठीनं बाजूला सारणारा. पण वीज कडाडली की माझ्याजवळ येऊन बसायचे अन् पदराखालून माझी चार बोटं धरायचे, अगदी अशी. अंगठा बाहेर. आभाळ शांत होईपर्यंत सोडायचे नाहीत. सासूबाई समोर बसल्या असल्या तरी. मी एका हातानं पोळ्या लाटल्या आहेत. लग्न झालं त्या पावसाळ्यापासून ते जाईपर्यंत, हेच. बोलायचे काही नाही. मीही कधी चिडवलं नाही.

ते चार आणे नव्हते. ती बोलीच नव्हती. यांना भीती वाटून राहिली होती, मी तिथं नव्हती, म्हणून शेजारचा हात धरला. अन् भाऊजींनी आयुष्यभराच्या सवयीनं त्या हाताचे आणे मोजले, अन् सोडवून घेतला.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं ते. भाऊजी मान वर करून माझ्याकडं पाहत होते, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ. त्यांना वाटून राहिलं होतं, याच्याहून वाईट काही असूच शकत नाही. मला ठाऊक होतं, असते.

मी म्हटलं, "फिजी."

"काय?"

"फिजीचे चार आणे. तापायच्या आधी म्हणाले होते मला. या वेळी फिजीला चार लावीन म्हणे, अन् भागीदार बोंबलला तरी बदलणार नाही. टीमच होती ती, भाऊजी. तुम्ही बरोबर समजले होते."

फौजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी पलटणीत असताना लोकांच्या घरी मरणाच्या खबरी नेल्या होत्या, कोणाला काय सांगायचं असते ते त्यांना समजत असे. त्यांनी नजर काढून घेतली अन् म्हणाले, "फिजीनं आत्ताच इंग्लंडले त्याच्या घरात पाडलं, बे. नजर पाहा आपल्या गड्याची."

भाऊजींनी आपल्या चार बोटांकडं पाहिलं. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला आजही सांगता येत नाही. "फिजी? चार? डोकं फिरलं होतं काय साल्याचं! फिजीले दोन म्हटले तरी मालक पेढे वाटेल!" अन् बाजेच्या त्या बाजूकडं, माझ्या खांद्यावरून मागं पाहून भांडायलाच लागले. "सांग नं बे, कोणत्या झाडाखाली बसला होता तू?" फौजी त्यात पडले. अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. मी उठली, आत गेली, चहा ठेवला. साखर किती टाकली ते समजलं नाही. दोघांनीही पाक प्यायल्यासारखा तो चहा पिऊन टाकला.

पुढं त्या फिजीनं काय केलं ते रग्बी पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. क्वार्टर फायनलपर्यंत गेली, अन् इंग्लंडच्या हातून थोडक्यात निसटली. आयर्लंडची तिथंच फळगळ झाली. आफ्रिकेनं न्यूझीलंडला एका गुणानं हरवून कप नेला. पण भाऊजींना कपाचं काही नव्हतं. ते मंडीत, पानाच्या ठेल्यावर, बसमध्ये, सगळीकडं सांगत फिरले, "दोन वर्षं आधी, मरता मरता फिजी सांगून गेला गडी. अशी नजर होती." आता लोक मलाही रस्त्यात थांबवून म्हणतात, काय नजर होती जी त्यांची. मी हो म्हणते. इतक्यांदा हो म्हटलं, की कधी कधी माझाच घोटाळा होते. म्हणाले होते काय खरंच फिजी? चुलीजवळ बसून असं काही बोलले होते काय? आवाजही ऐकू येते मला त्यांचा, फिजी म्हणतानाचा. अन् मग आठवते की ते मीच रचलं.

भाऊजी त्यानंतर दर आठवड्याला येत राहिले. पायरीवरच बसत. वजन भरलं थोडं. त्यांची बायको मला म्हणाली, आता झोपतात. गेल्या हिवाळ्यात तेही गेले, घरी, आपल्या पलंगावर, पोरं जवळ होती. मी शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही. ते गेले म्हणूनच हे आज लिहून राहिली.

आता पिशवीचा आवाज येत नाही मला. भात एकटीचाच टाकते. हे रस्त्यात आहेत असं वाटणं बंद झालं, कारण आता मला ठाऊक आहे ते कुठं आहेत. त्या पलंगावर आहेत, हात चादरीबाहेर काढून. दुपारी आभाळ भरून आलं, तिगावकडून गडगडायला लागलं, की मी हातातलं काम टाकून आंगणात येते अन् बाजेवर बसते. चार बोटं मोकळी ठेवते मांडीवर. शेजारीण भिंतीवरून विचारते, "काऊन वो काकू, पाण्यात बसून राहिल्या?" मी म्हणते, दोरीवरचे कपडे काढायला आली.